जास्त आचेची गॅस रेंज घ्यायची आहे? आधी पाइप बघा

माझ्या पहिल्या मोठ्या रेंजच्या, म्हणजे वर बर्नर आणि खाली ओव्हन अशा एकसंध शेगडीच्या, माहितीपत्रकात ठळक अक्षरांत १८,००० बीटीयू (बर्नरची आच मोजायचं माप) लिहिलेलं होतं. बसवली त्याच संध्याकाळी मी पुढच्या बर्नरवर मोठं पातेलं चढवलं, शेजारचा बर्नर लावला, खाली ओव्हन तापायला ठेवला आणि पातेल्याखालची ज्योत डोळ्यांदेखत अर्ध्यावर आली. ओव्हन बंद केला की ज्योत वर, लावला की खाली. रेंजमध्ये खोट नव्हती. घरातला गॅसचा पाइप अर्ध्या इंचाचा होता, जुन्या साध्या शेगडीसाठी टाकलेला आणि मीटरपासून ओट्यापर्यंत पाच वळणं घेत आलेला. एवढ्या मोठ्या रेंजला पुरेल इतका गॅस त्यातून येतच नव्हता.

तेव्हापासून ‘कोणती रेंज घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, पाइप केवढा आहे आणि धूर कुठून बाहेर जाणार? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात. पुढचा क्रमही मी तसाच ठेवला आहे. बर्नर, जाळ्या, बटणं ही गमतीची खरेदी नंतर.

आठवडाभर स्वतःचा स्वयंपाक बघा

मोठी आच खरोखर तीनच कामांना लागते. पाच-सात लिटर पाणी किंवा रस्सा लवकर उकळवणं हे एक. जाड बुडाच्या तव्यावर एकदम भरपूर ओला जिन्नस टाकला तरी तवा थंड पडू न देणं हे दुसरं. आणि खोलगट कढईत भाज्या भराभर परतणं, म्हणजे सुटलेलं पाणी तिथल्या तिथे उडून जावं आणि भाजी शिजून लगदा होऊ नये, हे तिसरं. बाकी बहुतेक स्वयंपाक मध्यम आणि मंद आचेवरच होतो.

म्हणून एक आठवडा कागद-पेन ओट्याजवळ ठेवा. बटण पूर्ण उघडून पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ कधी ठेवलं, आणि ‘आणखी आच हवी होती’ असं कधी वाटलं, एवढंच टिपा. सोबत त्या वेळी एका वेळी किती बर्नर चालू होते तेही. माझ्या कागदावर आठवड्यात अशा सहा नोंदी निघाल्या, आणि सहाही वेळा एकच मोठा बर्नर पुरला असता. सहाच्या सहा बर्नर राक्षसी असलेली रेंज मला नकोच होती, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आकड्याचा अर्थ

एक पौंड पाण्याचं तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला जेवढी उष्णता लागते ती एक बीटीयू. माहितीपत्रकातला आकडा ‘दर तासाला इतके बीटीयू’ असा वाचायचा. काही उत्पादक किलोवॅटमध्ये लिहितात. एक किलोवॅट म्हणजे तासाला सुमारे ३,४१२ बीटीयू, तेव्हा १८,००० बीटीयू म्हणजे ५.३ किलोवॅटच्या आसपास.

घरगुती शेगडीचा नेहमीचा बर्नर ९,००० च्या आगेमागे असतो. जास्त आचेच्या घरगुती रेंजचे मोठे बर्नर १५,००० पासून २५,००० पर्यंत जातात. हॉटेलातल्या कढईच्या भट्ट्या लाखाच्या घरातल्या असतात, त्यामुळे घरात तसाच जाळ मिळेल ही आशा सोडून दिलेली बरी.

आकडा सांगतो गॅस किती जळणार. भांड्यात किती उतरणार हे तो सांगत नाही. हिशोब करून बघू. पाच लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे १,६७५ किलोज्यूल लागतात. ज्योतीतली ४० टक्के उष्णता पाण्यात गेली असं धरलं, तर ९,००० च्या बर्नरला २६ मिनिटं लागतील आणि १८,००० च्या बर्नरला १३. तेरा मिनिटांची बचत मोठी आहे. पण हेच पाणी अरुंद, उंच पातेल्यात घेतलं, तर मोठ्या बर्नरची ज्योत बुडाबाहेर येऊन भांड्याच्या कडेने वर जाते, कान आणि दांडे तापतात, खोली तापते आणि वेळ मात्र फारसा वाचत नाही. मोठ्या बर्नरला रुंद बूड लागतं. तुमच्याकडचं सर्वांत मोठं भांडं २०-२२ सेंटीमीटरचं असेल, तर २२,००० चा बर्नर पूर्ण उघडायची वेळ क्वचितच येईल.

उंचीवरच्या गावात राहत असाल तर आणखी एक वजाबाकी आहे. हवा विरळ झाली की ज्योतीला प्राणवायू कमी पडतो, म्हणून बर्नरची क्षमता उतरवावी लागते. ठोकताळा असा की ६०० मीटरच्या वर गेलात की समुद्रसपाटीपासूनच्या दर ३०० मीटर उंचीमागे सुमारे ४ टक्के कमी धरायचे. १,५०० मीटरवर १८,००० चा बर्नर १४,४०० वर येतो. अशा ठिकाणी जेट, म्हणजे ज्यांच्या बारीक भोकातून गॅस बर्नरमध्ये सुटतो ती तोंडं, हेही उंचीप्रमाणे वेगळे लागतात, ते मागवून घ्यावे लागतात.

गॅस कोणता, पाइप केवढा

नैसर्गिक वायू आणि एलपीजी हे दोन वेगळे इंधन आहेत आणि एकाची रेंज दुसऱ्यावर तशीच चालत नाही. तेवढ्याच आकारमानाच्या प्रोपेनमध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीच पट उष्णता असते. म्हणून एलपीजीच्या जेटचं भोक बारीक आणि दाब जास्त, नैसर्गिक वायूचं भोक मोठं आणि दाब कमी. नैसर्गिक वायूचे जेट तसेच ठेवून एलपीजी जोडला, तर पिवळ्या, काजळी धरणाऱ्या, हातभर उंच ज्वाळा निघतात. उलट केलं तर मरतुकडी ज्योत. बदलायचं असेल तर सगळे जेट, रेग्युलेटरची मांडणी आणि किमान ज्योतीचे स्क्रू हे तिन्ही बदलावे लागतात. हे किट रेंजसोबत येतं का, आणि बदलल्यावर मोठ्या बर्नरचा आकडा किती राहतो, हे लेखी विचारा. अनेक मॉडेलांत एलपीजीवर तो आकडा उतरतो आणि जाहिरातीत फक्त नैसर्गिक वायूचा छापलेला असतो.

आता बेरीज. समजा रेंजला १८,००० चे दोन, १५,००० चे दोन आणि ९,००० चे दोन बर्नर आहेत. झाले ८४,०००. ओव्हनचे २६,००० धरले की एकूण १,१०,००० बीटीयू, म्हणजे ३२ किलोवॅट. त्याच पाइपवर पाणी तापवायचा गीझर किंवा दुसरं काही असेल तर तेही मिळवा. ही बेरीज, मीटर किंवा रेग्युलेटरपासून रेंजपर्यंतची पाइपची लांबी आणि वळणांची संख्या, हे तीन आकडे घेऊन परवानाधारक गॅस फिटरकडे जा. तो कोष्टकात बघून पाइपचा व्यास सांगेल. तेवढ्याच लांबीचा पाऊण इंची पाइप अर्ध्या इंचीच्या सुमारे दुप्पट गॅस वाहून नेतो, आणि लांबी वाढली की दोघांचीही ताकद घटते. शेवटची लवचीक नळीही विसरू नका. सगळा पाइप पाऊण इंची आणि रेंजमागे दीड हात बारीक नळी, असं केलं तर सगळ्यावर पाणी.

सिलिंडरवर चालवणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. सिलिंडरमध्ये एलपीजी द्रवरूप असतो आणि बर्नरला मिळतो तो त्याचा वायू. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, ती द्रव स्वतःमधून आणि सिलिंडरच्या भिंतीतून ओढून घेतो. खेच मोठी झाली की सिलिंडर थंडगार पडतो, बाहेरून दव धरतं, कधी बर्फही, आणि दाब उतरतो. १८,००० चा एक बर्नर पूर्ण उघडा ठेवला तर तासाला सुमारे ४०० ग्रॅम गॅस लागतो. वरची सगळी रेंज एकदम लावली तर सव्वादोन-अडीच किलो. एवढी खेच एका लहान सिलिंडरला झेपत नाही. दोन सिलिंडर समांतर जोडावे लागतात आणि रेग्युलेटरही तासाला तितके किलो देणारा हवा. तो आकडा रेग्युलेटरवरच कोरलेला असतो.

गळतीच्या बाबतीतही दोन्ही गॅस वेगळे वागतात. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. गळतीचा इशारा देणारं यंत्र पहिल्यासाठी खाली आणि दुसऱ्यासाठी वर लावायचं असतं. मी एका घरात हे बरोबर उलटं लावलेलं पाहिलं आहे.

धूर, वाफ आणि चिमणी

या भागाला लोक सर्वांत कमी वेळ देतात. मोठ्या रेंजला मोठी चिमणी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी आत कुठूनतरी यावी लागते, हे लक्षात येत नाही.

प्रचलित ठोकताळा असा की रेंजच्या एकूण बीटीयूला १०० ने भागायचं आणि येईल तेवढ्या सीएफएमची, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा ओढणारी चिमणी घ्यायची. आपल्या उदाहरणात १,१०० सीएफएम. हा आकडा चार बाय तीन मीटरच्या, २.८ मीटर उंचीच्या स्वयंपाकघरात कसा दिसतो? खोलीतली सगळी हवा साधारण एका मिनिटात बाहेर. दारं-खिडक्या बंद असतील तर चिमणी नुसती गुरगुरते, हवा ओढत नाही, किंवा ओढते ती नको तिथून. घरात नैसर्गिक खेचीवर चालणारा गॅस गीझर असेल, तर त्याचा धूर नळकांड्यातून वर जायचा सोडून घरात परत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. काही देशांच्या बांधकाम नियमांत ४०० सीएफएमच्या वरच्या चिमणीला बदली हवेची सोय सक्तीची आहे ती याचसाठी. सोय म्हणजे चिमणी लावली की उघडणारा झडपेचा हवामार्ग. सगळ्यांत साधा उपाय, समोरच्या भिंतीतली खिडकी उघडी ठेवणं, तोही चालतो. फक्त ती रोज उघडली जाणार का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

माझं मत विचाराल, तर घरात सहाही बर्नर आणि ओव्हन एकदम पूर्ण आचेवर कधीच चालत नाहीत. त्यामुळे १,१०० च्या आकड्यामागे धावण्यापेक्षा झाकण्याच्या क्षेत्रफळावर पैसे घालावेत. चिमणी रेंजपेक्षा दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटीमीटर रुंद हवी आणि पुढचे बर्नर तिच्या छायेत यायला हवेत. सर्वांत मोठे बर्नर बहुधा पुढेच असतात आणि उथळ चिमणी मागच्याच बर्नरांची वाफ खाते. उंची ६० ते ९० सेंटीमीटर, उत्पादकाच्या पत्रकात दिली असेल ती. जास्त उंच लावली की आडव्या वाऱ्याने वाफ निसटते.

डक्टमध्ये, म्हणजे चिमणीची हवा घराबाहेर नेणाऱ्या नळीत, काटकसर करू नका. आठ इंची तोंडाच्या चिमणीला सहा इंची डक्ट जोडला की आतलं क्षेत्रफळ ५६ टक्क्यांवर येतं, म्हणजे आवाज वाढतो आणि ओढ मरते. डक्ट सरळ, आखूड, गुळगुळीत आतल्या बाजूचा. पन्हाळीसारखा वळणावळणाचा लवचीक डक्ट बसवायला सोपा, पण तेलकट थर त्याच्याच घड्यांत बसतो.

हवा कोळशाच्या गाळणीतून फिरवून परत खोलीत सोडणारी चिमणी मोठ्या रेंजवर निरुपयोगी आहे. ती वास थोडा कमी करते. उष्णता, वाफ, नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड, चौघंही घरातच राहतात. बाहेर डक्ट नेणं शक्यच नसेल, तर मी मोठी रेंज घेऊ नका असंच सांगेन.

हॉटेलची रेंज स्वस्त पडते, तीच का घेऊ नये?

हा प्रश्न हमखास येतो, आणि मोहही पडतो, कारण हॉटेलची रेंज दणकट आणि बिनशोभेची असते. पण तिच्या कडा आणि पाठ उष्णतारोधक नसतात. भिंत आणि लाकडी कपाटं तिच्यापासून लांब ठेवावी लागतात, आणि हॉटेलात भिंती लाद्यांच्या किंवा पोलादाच्या असतात म्हणून तिथे ते खपतं. ओव्हनचं दार बाहेरून इतकं तापतं की लहान मुलाचा हात लागला तर भाजेल. अनेकांत कायम जळणारी लहान पायलट ज्योत असते, ती दिवसरात्र गॅस खाते आणि खोली तापवते. पुढून मागेपर्यंतचं मापही जास्त, घरच्या ओट्याच्या पुढे वीतभर येते. शिवाय घरगुती वापरासाठी प्रमाणित नसलेलं उपकरण लावलं, तर आग लागल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. हॉटेलसारखी दिसणारी पण घरासाठी प्रमाणित केलेली रेंज घ्या. प्रमाणपत्राची खूण रेंजच्या पाटीवर असते, माहितीपत्रकात नव्हे तर पाटीवर बघायची.

जागेचं माप

रुंदी ७६, ९१, १२२ आणि १५२ सेंटीमीटर अशा ठरलेल्या मापांत मिळते. बहुतेक घरांना ९१ पुरते. मोठ्या रेंजचं वजन दीडशे-दोनशे किलोपर्यंत जातं, तेव्हा ओट्याची जागा मोजण्याआधी मुख्य दार, जिना आणि लिफ्ट मोजा. रेंजच्या वर लाकडी कपाट असेल, तर जळणाऱ्या पृष्ठभागापर्यंत ७६ सेंटीमीटर मोकळे ठेवायला बहुतेक पत्रकं सांगतात. मागची भिंत लाकडी किंवा प्लायची असेल तर उंच पोलादी पाठ लावावी लागते. रेंज पुढे कलंडू नये म्हणून जमिनीला किंवा भिंतीला ठोकायची कडी सोबत येते. ओव्हनच्या उघड्या दारावर लहान मूल चढलं तर एवढं वजनही पुढे येतं. बसवणारा माणूस ती कडी ‘कशाला हवी’ म्हणून पिशवीत तशीच ठेवून जातो. लावून घ्या.

आता बर्नर

१८५५ साली हायडलबर्गच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट बुन्सेनने यंत्रकार पीटर डेसागाकडून एक बर्नर करून घेतला, त्यात गॅस जळण्याआधीच हवेत मिसळला जायचा. निळी, बिनकाजळीची, गरम ज्योत. आपली रेंज आजही याच तत्त्वावर चालते. जेटमधून गॅस वेगाने सुटतो, सोबत हवा ओढतो, नळीत मिसळतो आणि टोपीच्या भोकांतून बाहेर येऊन पेटतो. राहिलेली हवा ज्योतीला आजूबाजूने मिळते. मोठ्या बर्नरला ही आजूबाजूची हवा भरपूर लागते, आणि दोन जातींमधला फरक इथेच आहे.

उघड्या बर्नरभोवती मोकळी जागा असते, हवा खालून येते. ज्योत मध्याच्या जवळून सरळ वर उठते, म्हणून तव्याचा मध्यभागही तापतो आणि खोलगट कढईला तर हा बर्नर फारच मानवतो. सांडलेलं थेट खालच्या तबकात जातं. तबक बाहेर ओढून धुवायचं. कुणी ओढलंच नाही तर महिन्याभरात तिथे काय जमतं ते विचारू नका.

बंद बर्नर पृष्ठभागात घट्ट बसवलेला असतो. उतू गेलेलं वरच राहतं, फडक्याने पुसलं की झालं. पण ज्योत बाहेरच्या बाजूला कडं करते आणि पातळ बुडाच्या भांड्यात मध्ये थंड, भोवती जळकं असं वर्तुळ उठतं. ताऱ्याच्या किंवा फुलाच्या आकाराचे बर्नर आणि दोन कड्यांचे बर्नर हे या दोषावरचे उतारे आहेत, आणि चांगले केलेले असले की दोष बराच झाकतात.

रोज जोरात परतणारा माणूस असाल तर उघडा घ्या. सारखं काहीतरी उतू जातं आणि धुवायला कंटाळा येतो, तर बंद. मी उघडा वापरतो आणि दर रविवारी तबक धुताना स्वतःला बोल लावतो.

रेंजची परीक्षा लहान ज्योतीत

मोठा जाळ करणं सोपं असतं. भोक मोठं करा, गॅस सोडा. त्याच बर्नरवर लोणी वितळवून अर्धा तास न जाळता ठेवता येणं, यात कसब आहे. म्हणून दोन आकडे मागा, कमाल आणि किमान. १८,००० चा बर्नर ३,००० च्या खाली येत नसेल, तर त्यावर दाट सॉस हमखास करपतो. किमान ५०० ते १,००० बीटीयूपर्यंत उतरणारा निदान एक बर्नर रेंजवर हवाच.

ही लहान आच दोन प्रकारे देतात. एकात खाली वेगळं बारीक कडं असतं, मोठं बंद आणि धाकटं चालू. दुसऱ्यात बर्नर आपोआप काही सेकंद पेटतो, काही सेकंद विझतो. सरासरी आच कमी पडते, पण दर खेपेला ठिणगीचा टकटक आवाज येतो आणि वीज गेली की हा खेळ बंद. मला पहिला प्रकार आवडतो, दुसऱ्याच्या आवाजाने डोकं उठतं.

दुकानात गॅस जोडलेली, चालू रेंज दाखवा म्हणून हट्ट धरा. जाताना स्वतःचं एक लहान पातळ पातेलं, लोण्याचा तुकडा आणि घरातलं सर्वांत जड भांडं घेऊन जा. लाजू नका, एवढे पैसे आपण देणार आहोत. मोठ्या बर्नरवर लहान पातेलं ठेवून लोणी वितळवा, बटण सर्वांत खाली आणा आणि दहा मिनिटं गप्पा मारा. कडेला तपकिरी फेस आला की समजा, आच पुरेशी खाली येत नाही. मग कमाल ते किमान बटण सावकाश फिरवा. ज्योत एकसारखी उतरते का, की निम्म्या वळणापर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम कोसळते? असं बटण वर्षानुवर्षं छळतं. शेवटी जड भांडं मागच्या जाळीवरून पुढच्या जाळीवर न उचलता सरकवून बघा. जाळ्या सलग असतील आणि एका पातळीत असतील तर ते घसरत येतं, नाहीतर अडखळतं. लहान भांडं जाळीच्या बोटांमध्ये कलंडत नाही ना, तेही तिथेच कळतं. बिडाच्या जाळ्या उचलून बघा, कारण त्या तुम्हालाच उचलून धुवायच्या आहेत.

खोलगट बुडाच्या कढईसाठी मधली जाळी काढता येते का आणि खाली कढईचं कडं बसतं का, हे विचारा. सपाट जाळीवर कडं ठेवून कढई ठेवली तर ती ज्योतीपासून वर उचलली जाते आणि एवढी आच विकत घेतल्याचा उपयोग उरत नाही.

बाकीचं थोडक्यात. धातूची बटणं दिसायला सुंदर, पण ओव्हनच्या दाराच्या वरच असतील तर तासाभराने हात लावून बघा, काही चटका देतात. ओव्हन गॅसचा घ्यायचा की विजेचा, हा स्वतंत्र विषय आहे. वर गॅस आणि खाली वीज असलेल्या रेंजला जास्त अँपिअरची वेगळी वायर लागते, एवढं मात्र आधी बघा.

सुरक्षेत ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी यंत्रणा असल्याशिवाय मी रेंज घेणार नाही. ज्योतीत एक बारीक धातूची काडी असते, थर्मोकपल. ती तापली की काही मिलिव्होल्टचा दाब तयार होतो आणि त्यावर एक छोटं चुंबक झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली, काडी थंडावली, चुंबकाची पकड सुटली, गॅस बंद. याला बाहेरची वीज लागत नाही. म्हणूनच लावताना बटण दोन-चार सेकंद दाबून धरावं लागतं, तो बिघाड नव्हे. विझल्यावर आपोआप ठिणगी टाकून पुन्हा पेटवणारी सोय वेगळी. ती सोयीची आहे, पण विजेवर चालते.

बसवण्याच्या दिवशी

फिटर निघून जाण्याआधी समोर उभं राहून चार गोष्टी करून घ्या. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं ही पहिली. काडी पेटवून गळती शोधणाऱ्याला घरात घेऊ नका. दुसरी, दाब मोजणं, आणि तो सगळे बर्नर व ओव्हन चालू असताना. सगळं बंद असताना दाब सगळ्यांचाच चांगला असतो, माझाही होता.

तिसरी ज्योत. निळी, आतला शंकू स्पष्ट, आवाज मऊ. टोकं पिवळी असतील तर हवा कमी पडते आहे. ज्योत भोकांपासून सुटून उचलली जात असेल आणि फुरफुरत असेल तर हवा जास्त. हवेची झडप असलेल्या बर्नरवर हे स्क्रू सैल करून जागच्या जागी नीट होतं.

चौथी गोष्ट आकड्याची पडताळणी, आणि ती तुम्ही स्वतः करू शकता. घरातलं दुसरं सगळं गॅसवरचं बंद करा, फक्त मोठा बर्नर पूर्ण उघडा आणि मीटर बघा. १८,००० चा बर्नर तासाला सुमारे अर्धा घनमीटर नैसर्गिक वायू खातो, म्हणजे सहा मिनिटांत ५० लिटर. मीटर सहा मिनिटांत ३५ लिटरच पुढे सरकला, तर वाटेत कुठेतरी अडलं आहे. सिलिंडर असेल तर काट्यावर ठेवून अर्ध्या तासात साधारण २०० ग्रॅम कमी होतात का ते बघा.

सगळं ठीक निघालं की एक शेवटचं. प्रत्येक बर्नर सर्वांत मंद करा, चिमणी पूर्ण वेगावर लावा, ओव्हनचं दार जरा जोरात लावा आणि शेजारच्या कपाटाचंही. एखादी ज्योत विझली, तर फिटर अजून घरातच आहे, किमान ज्योतीचा स्क्रू तिथल्या तिथे फिरवून घ्या.